वणव्याचा आठवडा आणि पश्चिमेचा वारा: साताऱ्याच्या डोंगरकडेच्या गावांसाठी

सडावाट | रविवार, रात्री ९.४०

होळी तोंडावर आली. परळी खोरं, यवतेश्वर-कासची सोंड, जावळी, पाटणचे डोंगर, सगळीकडे गवत वाळून कुरकुरीत झालंय आणि दुपारचा पश्चिमेचा वारा सुटायला लागलाय. दरवर्षी या दिवसांत इथे तेच प्रश्न येतात आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरलेली राहतात, म्हणून हा एकच धागा. जाळरेषा (आग अडवायला गवत काढून केलेला मोकळा पट्टा), ब्लोअर (जोरानं हवा मारणारं यंत्र), पंप, ऊस, गोठा यांतलं ज्यांना पक्कं ठाऊक आहे त्यांनी माप, वेळ आणि कारण यांसकट लिहावं.

सुरुवात वाऱ्यापासून करतो. डोंगर आठवडाभर पेटता राहिला की लोकांना वाटतं, रोज कोणीतरी नवी काडी लावतंय. तसंही होतं. पण पुष्कळदा सोमवारी 'विझली' म्हणून सोडून दिलेली आगच मंगळवारी दुपारी पुन्हा उठते. वाळक्या खोडात, शेणाच्या पोमध्ये, दगडाखालच्या मुळीत निखारा धुमसत राहतो. सकाळी धूरसुद्धा दिसत नाही. दोन वाजता वारा लागला की तोच निखारा उडून न जळलेल्या गवतात पडतो.

दिवसाचं गणित असं. सकाळी नऊपर्यंत हवा शांत आणि गवतात थोडा ओलावा असतो. ऊन तापलं की उतारावरची हवा वर चढू लागते. दुपारी समुद्राकडचा वारा घाटमाथा ओलांडून येतो आणि २ ते ५ ही वेळ सगळ्यात वाईट. सूर्य बुडाल्यावर उलटं होतं. थंड, जड हवा उतारावरून खोऱ्यात उतरते, वारा पडतो, आर्द्रता वाढते, ज्वाळा बसकी होते. म्हणून दुपारी वस्ती, गोठे आणि माणसं राखायची आणि आग मारायची ती रात्री उशिरा ते सकाळी आठच्या आत. भर दुपारी डोंगरात शिरून झोडपणं हे शौर्य असेल, पण त्यातून हाती काही लागत नाही.

तीन आकडे मोबाईलवर रोज बघा: तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर. तिन्ही जुळले की गवताची आग हातानं आवरत नाही.

---

राखणदार | रविवार, रात्री १०.२५

वरच्यात उताराची भर घालतो. चढाला लागलेली आग दर १० अंश उताराला साधारण दुप्पट वेग घेते. म्हणजे सपाटीवर माणसाच्या चालीनं सरकणारी आग २० अंशांच्या चढावर चौपट वेगानं येते, आणि तिथे माणूस मात्र धापा टाकत चढत असतो. आगीच्या वरच्या अंगाला कोणी थांबायचं नाही, पायवाट असली तरी नाही. घळ आणि नाळ तर धुराड्यासारखी ओढ घेते. खाली घळीच्या तोंडाशी जाळ असेल तर वरच्या टोकाला मिनिटांत पोचतो.

आणखी एक. पूर्वेकडच्या आडोशाच्या उताराला वारा लागत नाही असं समजू नका. कड्यावरून उडी मारून आलेला वारा तिथे घिरट्या घेतो, त्यामुळे जाळ कधी डावीकडे, कधी परत वर पळतो. सज्जनगडासारख्या एकट्या उभ्या डोंगराच्या आडोशाला हे होऊ शकतं, हे धरूनच माणसं उभी करावीत.

---

जावळीखोरं | सोमवार, सकाळी ७.१५

जाळरेषा आता काढून उपयोग आहे का? आमच्या वाडीच्या वर, अर्ध्या उतारावर गेल्या वर्षी काढली होती. आग ती ओलांडून आली.

---

राखणदार | सोमवार, सकाळी ८.०५

दादा, ओलांडली ती जागेमुळे. अर्ध्या उतारावरची रेषा सगळ्यात कमजोर. चढाला ज्वाळा पुढे झुकलेली असते, ती रेषेच्या पलीकडचं गवत आधीच तापवून ठेवते आणि एक ठिणगी पुरते. रेषा घ्यायची धारेवर, म्हणजे डोंगराच्या माथ्याच्या ओळीवर. त्यातही धारेच्या किंचित पलीकडे, दुसऱ्या बाजूला उतरायला सुरुवात होते तिथे. आग माथ्यावर आली की तिला पुढे उताराला वळावं लागतं, वेग एकदम मोडतो, आणि तिथे दहा फूट मोकळी जमीन तिला थांबवते.

रुंदीचा हिशोब गवताच्या उंचीवरून करा. सपाटीला उंचीच्या तिप्पट, पण १० फुटांच्या खाली नाही. वाऱ्याच्या तोंडाला आणि खिंडीत २० फूट. आधी विळ्यानं गवत कापायचं, मग दाताळ्यानं ओढायचं. इथेच पुष्कळ जण चुकतात. कापलेलं गवत रेषेच्या कडेलाच ढिगानं टाकतात, म्हणजे आगीला कडेवर सरपणच रचून देतात. ते वाडीच्या बाजूला आणि रेषेपासून लांब न्यायचं. जनावरांना होतं. शेवटी कुदळीनं मधली दोन फूट पट्टी खरवडून माती उघडी करायची, कारण गवताच्या मुळाशी साचलेला पाचोळा सरपटत जळत जातो आणि तो वरून दिसत नाही.

आग वर आणि वाडी खाली असेल तर प्रकार वेगळा. तिथे ज्वाळेपेक्षा गडगडत येणारी पेटकी ओंडकी धोक्याची. रेषेच्या खालच्या कडेला फूटभर खोल चर मारून माती खालच्या अंगाला बांधासारखी रचा, ओंडकी त्यात अडकतात.

आता फक्त कापून-खरवडून काढा. पट्टा जाळून रेषा करायची वेळ डिसेंबर-जानेवारीची, दवाच्या सकाळी, आणि ते वनखात्याचं काम आहे. या वाऱ्यात जाळायला जाल तर तुमचीच रेषा वणवा होईल.

---

पाचटकुट्टी | सोमवार, दुपारी १२.३०

वाळवा-पलूसकडून लिहितो. डोंगर आमच्यापासून लांब, पण वारा तोच आणि आग उसाच्या फडाला. दोन गोष्टी आत्ता करण्याजोग्या.

पहिली, तारा. शिवारातून गेलेल्या लोंबत्या तारा दुपारच्या वाऱ्यात एकमेकींना घासतात आणि तापलेले ॲल्युमिनियमचे कण खाली वाळल्या पाचटात (उसाच्या वाळक्या पाल्यात) पडतात. दोन खांबांमध्ये तारा झोके घेताना दिसल्या तर १९१२ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि लेखी अर्जाची पोच घ्या. मागणी नेमकी करा: तार ओढून ताण द्या आणि मध्ये स्पेसर (तारा एकमेकींपासून लांब धरणारा तुकडा) बसवा. तारेखालचं पाचट दोन्ही बाजूंनी दहा-दहा फूट ओढून घ्या.

दुसरी, फड पेटला तर. जळालेला ऊस उभा असला तरी त्यातली साखर फुटायला लागते आणि वजन रोज घटतं. साखर कारखान्याच्या चिटबॉयला (गावातला ऊस-कर्मचारी) आणि गटऑफिसला त्याच दिवशी कळवून तोडणीची टोळी मागा, ऊस शक्य तर २४ ते ४८ तासांत कारखान्याच्या काट्यावर गेला पाहिजे. तोडणीआधी फोटो काढा, खांब आणि तारा दिसतील असे. तलाठ्याचा पंचनामा, पोलीस ठाण्यातली नोंद आणि आग तारेमुळे लागली असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल, हे तिन्ही लागतात. ऊस तोडून गेल्यावर पंचनाम्याला काही उरत नाही.

आणि तुटलेल्या फडाचं पाचट जाळायचं बंद करा, ही कळकळीची विनंती. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. ते कुट्टी करून सरीत दाबा, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जीवाणू संवर्धक टाका, पाणी द्या. बांधाच्या कडेचं पाचट पेटवलं की पुढचा बांध, मग गायरान, मग डोंगर.

---

कोयनाकाठ | सोमवार, रात्री ९.०५

ब्लोअरबद्दल कोणी नीट लिहील का? गावात दोन घेतले आहेत, चालवता कोणालाच येत नाही.

---

सडावाट | सोमवार, रात्री १०.५०

गवत आणि पाचोळ्याच्या आगीत ब्लोअरसारखं हत्यार नाही, पण उलटा धरला तर आग वाढवतो. नळी ज्वाळेच्या शेंड्यावर धरायची नाही. ज्वाळा आणि न जळलेलं गवत यांच्या शिवेवर, जमिनीलगत, तिरकी धरायची आणि हवा जळालेल्या काळ्या भागाकडे मारायची. ज्वाळा इंधनापासून तुटते आणि पेटकी काडी काळ्यात जाऊन पडते, तिथे जळायला काही नसतं. काळ्यातून बाहेर हवा मारली तर ठिणग्या तुम्हीच वाळल्या गवतात पेरता.

एका ब्लोअरमागे पाच माणसं. ब्लोअरवाला पुढे, दोन जण झोडपे (आग दाबून विझवायची फांदी किंवा रबरी पट्टा) घेऊन पाच-सात पावलांवर मागे, एक पाठीवरचा पंप घेऊन, आणि एक जण काहीही न करता फक्त वारा आणि वरचा उतार बघत उभा. हा पाचवा सगळ्यात महत्त्वाचा. इंजिनाच्या आवाजात ब्लोअरवाल्याला काही ऐकू येत नाही, म्हणून खूण शिट्टीची किंवा खांद्यावर थाप.

पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत बघा, बहुतेकांना १:५०, म्हणजे लिटरला २० मिली. तेल कमी पडलं की पिस्टन चिकटतो आणि यंत्र ऐन डोंगरात बसतं. मिश्रण घरीच करून डब्यावर लिहून ठेवा. टाकी भरताना इंजिन बंद, चार-पाच मिनिटं थंड, आणि जागा पूर्ण जळून गार झालेली. हवेची जाळी राखेनं बुजते, प्रत्येक टाकीला झटकायची.

ज्वाळा कमरेपेक्षा उंच असेल तर ब्लोअर नाही, झोडपा नाही, काहीच नाही. मागे या.

---

राखणदार | सोमवार, रात्री ११.२०

कुठून सुरू करायचं तेही सांगायला हवं. वणव्याला डोकं, दोन बगला आणि शेपूट असते. डोक्यासमोर जायचं नाही. शेपटीला, जिथे रस्ता, ओढा किंवा जळून गार झालेली जमीन असेल तिथून सुरुवात करून दोन्ही बगलांनी डोक्याकडे दाबत न्यायचं. मधूनच हात घातला की मागचा तुकडा वळसा घालून तुमच्या पाठीशी येतो. पाय नेहमी अशा जागी की दोन उड्यांत काळ्यात जाता येईल. पळायची वाट दोन बाजूंनी ठरवायची आणि ती वरच्या चढाला नको.

---

मेढ्याची_वाट | मंगळवार, सकाळी ६.५०

झोडपा कसला वापरता? फांदीनं काम होतं का?

---

राखणदार | मंगळवार, सकाळी ७.३०

होतं. निरगुडी किंवा जांभळाची ओली, भरगच्च पानांची फांदी, हाताएवढ्या दांड्याची. पानं कोमेजली की बदलायची, वाळकी पानं स्वतः पेट घेतात. आपटून वर उचलली तर ठिणग्या मागे उडतात. दाबायची, क्षणभर धरायची आणि काळ्याकडे ओढायची.

टिकाऊ झोडपा गावात बनतो. ट्रकच्या चाकामागचा जुना रबरी पडदा घ्या, फूटभर रुंद आणि दीड फूट लांब कापा. सहा फुटी बांबूच्या टोकाला दोन नटबोल्टनं बसवा. नुसतं भोक पाडून बोल्ट घातला तर दहा मिनिटांत रबर भोकापाशी फाटतं. म्हणून रबराच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्टी लावून मध्ये दाबायचं. पट्टीखाली बांबू चिरू नये म्हणून तारेचे चार वेढे. बोल्ट ढिले होतात, खिशात पाना ठेवा. पातळ पडदा ज्वाळेवर वितळतो, आत कापडी थर असलेला जाड तुकडाच घ्या.

फवारणीचा १६ लिटरचा पंपही चालतो, पण त्याचा बारीक फवारा हवेतच वाफ होऊन जातो. नोझल बदलून सरळ धार करा आणि ती मुळाशी मारा. आधी तणनाशक भरलेला पंप तीनदा धुवून घ्या. पाण्यात चमचाभर कपड्यांचा साबणचुरा टाकला तर पाणी पाचोळ्यात मुरतं, नाहीतर वरून घरंगळतं.

---

चाफळखोरं | मंगळवार, सकाळी ९.१५

कपड्यांचं: सुती, पूर्ण बाह्यांचे. टेरिलिन आणि नायलॉन अंगाला चिकटून वितळतं. पायात चामड्याचे बूट घाला, स्लिपर नको. तोंडाला सुती रुमाल कोरडा बांधा, ओल्या रुमालातून गरम वाफ आत जाते. एन-९५ मास्क राखेचे कण अडवतो, कार्बन मोनॉक्साईड अडवत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं की धुरातून बाहेर. पाणी माणशी तासाला लिटरभर, सोबत गूळ-शेंगदाणे.

भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. चिकटलेलं कापड ओढू नका. १०८.

---

परळीकरीण | मंगळवार, दुपारी १.४०

घर आणि गोठ्याबद्दल कोणीच लिहीत नाही. वाडीवर बायका आणि म्हातारी माणसंच असतात दुपारी. आम्ही नेमकं काय करायचं?

---

सडावाट | मंगळवार, दुपारी २.१५

ताई, बरोबर विचारलंत. घरं बहुतेकदा समोरच्या ज्वाळेनं जळत नाहीत, उडून आलेल्या ठिणगीनं जळतात. ठिणगी कुठे पडेल आणि तिथे काय आहे हे बघत घराभोवती एक फेरी मारा. कौलांच्या खाचेत साचलेली पानं, पन्हळीतला पाचोळा, भिंतीला टेकून रचलेलं सरपण, शेणींची रास, पत्र्याखाली कोंबलेली पोती. हे सगळं आजच काढा. घराभोवती ३० फूट गवत जमिनीलगत कापून ओढून घ्या. गवताची गंज आणि कडबा घरापासून, गोठ्यापासून किमान ५० फुटांवर, आणि सगळा चारा एकाच गंजीत नको.

गोठा: दावी एका झटक्यात सुटतील अशी बांधा, दाराशी कोयता टांगून ठेवा. जनावरं आग जवळ येण्याआधी सोडून नांगरलेल्या रानात न्या आणि मागे गोठ्याचं दार लावून घ्या. घाबरलेलं जनावर ओळखीच्या गोठ्यात परत शिरतं.

पाणी: आग लागली की बरेचदा वीज जाते किंवा बंद करावी लागते, मोटर चालत नाही. दोनशे लिटरचं एक पिंप दारात आणि एक गोठ्यापाशी, बादली आणि ओली गोणपाटं सोबत. गॅसची टाकी बंद करून रेग्युलेटर काढा. धूर आला की दारंखिडक्या लावून फटीला ओले पंचे, आणि दमेकऱ्यांना, लहानग्यांना, गरोदर बाईला सकाळीच खालच्या गावात पाठवा, दुपारची वाट बघू नका.

आग वाडीकडे वळली आणि निघायला वेळ आहे असं दिसलं तर निघा. अर्धवट वेळ असताना गवतातून पळण्यापेक्षा नांगरलेलं रान किंवा आधीच जळलेला काळा पट्टा बरा.

---

तारळेपठार | मंगळवार, रात्री ८.३०

समोरून एक पट्टा आपणच पेटवून दिला तर? जुनी माणसं करायची.

---

राखणदार | मंगळवार, रात्री ८.४५

नाही. उलट आग तेव्हाच चालते जेव्हा मागे पक्की जाळरेषा असते, वारा मुख्य आगीकडे ओढत असतो आणि तो कधी ओढेल हे ओळखणारा माणूस जागेवर असतो. यातलं एक जरी चुकलं तरी दोन वणवे होतात आणि मध्ये माणसं सापडतात. शिवाय राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि कोयनेसारख्या अभयारण्यात वन्यजीव अधिनियम १९७२ चं कलम ३० लागतं. हेतू चांगला होता हे तिथे ऐकलं जात नाही. वनकर्मचारी सांगतील तरच, आणि ते असतील तेव्हाच.

---

कोयनाकाठ | बुधवार, सकाळी ७.००

उपग्रहाच्या नकाशावर लाल ठिपका दिसेपर्यंत थांबायचं का? काही जण त्यावरच विसंबून असतात.

---

सडावाट | बुधवार, सकाळी ७.४०

नको. ज्या उपग्रहांवरून ३७५ मीटरचा ठिपका मिळतो ते आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जातात. तीनला लागलेली आग त्यांना रात्री दिसते, तोवर सोंड जळून गेलेली असते. ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, आग त्यात कुठेही असू शकते. पहाटे कोणत्या धारेवर काम उरलंय हे बघायला मात्र नकाशा फार उपयोगी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नोंद केली की मोबाईलवर इशारा येतो, गावातल्या दोघातिघांनी करून ठेवा.

धूर दिसताक्षणी १९२६ वर वनखातं किंवा ११२. गाव, शिवाराचं नाव, काय जळतंय, वारा कुठून कुठे, टँकर कुठपर्यंत जाईल, एवढं सांगा. 'डोंगराला आग लागली' एवढ्यावर गाडी कुठल्या रस्त्यानं पाठवायची ते त्यांना कळत नाही.

---

मेढ्याची_वाट | बुधवार, दुपारी १२.१०

गवत जाळलं की पुढचं गवत जोमानं येतं, हे आमच्याकडे सगळे मानतात. खोटं आहे का?

---

गवताळ | बुधवार, दुपारी ३.२५

दिसतं ते खरं असतं, अर्थ चुकीचा लावला जातो. जुनं वाळकं आवरण गेलं की ऊन थेट मुळाशी पोचतं, काळी जमीन लवकर तापते, म्हणून हिरवा कोंब आधी दिसतो. पण नत्र धुरातून उडून जातं आणि उरलेली राख पहिल्या वळवात ओढ्याला जाते. वर्षानुवर्षं जाळलं की मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची गवतं मागे पडतात आणि कुसळी हे गवत माजतं, कारण कुसळीचं टोकदार बी वळत वळत मातीत घुसून आगीतून वाचतं. जनावर कुसळं लागल्यावर ती खात नाही. म्हणजे चाऱ्यासाठी लावलेली आग चाराच घालवते.

आणि सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरचा जीव. चाळकेवाडीच्या पठारावरून २०१६ साली सरड्याची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली, नराच्या गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असतो. तिच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच 'सरडा' या मराठी शब्दावरून ठेवलंय. त्यांचा विणीचा हंगाम उन्हाळ्यातच. टिटवी, चंडोल याच दिवसांत जमिनीवर अंडी घालतात. टिटवीची चार अंडी खडकाच्या चिपांमध्ये ठेवल्यासारखी असतात, ठिपक्यांमुळे दगडच वाटतात. आग आली की ती तिथेच जळतात.

---

जावळीखोरं | गुरुवार, सकाळी ६.२०

वरच्या धारेवरची आग पहाटे आटोक्यात आली. आता परत उठू नये म्हणून किती काम करायचं?

---

राखणदार | गुरुवार, सकाळी ६.४०

आत्ताच माणसं खाली आणू नका. दहापर्यंत थांबवा. जळालेल्या कडेपासून आत ३० फुटांचा पट्टा गार करायचा. प्रत्येक बुंधा, ओंडका, शेणाचा पो उलटा करा. हाताचा पालथा पंजा जमिनीपासून दोन बोटं वर फिरवा, ऊब लागली की कुदळीनं उकरून पाणी आणि माती कालवा. नुसती माती ढकलली तर निखारा खाली भट्टीसारखा टिकतो. पोकळ उभं झाड धुमसत असेल तर वरून धूर आणि खालून ठिणग्या निघतात, त्याच्याभोवती झाडाच्या उंचीएवढं गवत साफ करा आणि वनरक्षकाला दाखवा, पाडायला स्वतः जाऊ नका.

दुपारी १ ते ६ दोन माणसं लांबून पहाऱ्याला. उद्या पुन्हा तेच. सलग दोन दुपारी धूर उठला नाही की मग विझली म्हणायचं.

---

तारळेपठार | गुरुवार, सकाळी ८.५०

ट्रॅक्टरचा ५००० लिटरचा टँकर आणि एचटीपी पंप (जोराच्या दाबानं फवारणारा) आहे. न्यावा का?

---

पाचटकुट्टी | गुरुवार, सकाळी ९.३०

नक्की न्या. गनमधून मिनिटाला ३० लिटर धरलं तर भरलेला टँकर अडीच तासांच्या वर पुरतो. १०० मीटर नळी निखाऱ्यावरून ओढू नका, काळ्याच्या बाहेरून वळवा. तारांच्या दिशेनं धार मारायची नाही, दाट धुरात तारेखाली उभंही राहायचं नाही. ट्रॅक्टर वाळल्या गवतात लावू नका, सायलेन्सरनंच नवी आग लागते. तोंड परतीच्या रस्त्याकडे, किल्ली जागेवर, आणि शेवटचे ५०० लिटर टँकर आणि माणसं वाचवायला राखून ठेवा.